राजाची बाग, सरकारची बाग, आपली बाग

आजचा विषय एका बागेचा आहे, आणि ती तुमच्यापैकी जवळजवळ प्रत्येकाने पाहिलेली आहे. महाराजबाग. लहानपणी वडिलांचं बोट धरून आपण गेलो, मग मुलांना घेऊन गेलो, आता नातवंडांना घेऊन जातो. वाघ बघायचा, हरणांना बाहेरूनच टाटा करायचा, येताना बर्डीवर काहीतरी खायचं आणि घरी यायचं. तिन्ही खेपांत आपण एक प्रश्न कधी विचारला नाही, तो आज विचारू. ही बाग कोणाची?

नावातच उत्तर आहे असं वाटेल. महाराजांची. पण महाराज जाऊन पावणेदोनशे वर्षं होत आली. सरकारची म्हणावं तर कोणत्या सरकारची? बाग चालवतं अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, आजूबाजूला त्याचंच कृषी महाविद्यालय. लोकांची म्हणावं तर दारावर तिकीट आहे. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. आमच्या धंद्यात 'माझं' हा शब्द आला की माणूस थांबतो आणि विचारतो, म्हणजे काय? म्हणून इतिहासाचा हा तुकडा मी त्या सवयीने बघणार आहे. इतिहासकार मंडळींनी सांभाळून घ्यावं.

आधी जागा नीट डोळ्यांसमोर आणा. बेस्याहून निघालो, मनीषनगर ओलांडलं, उज्ज्वलनगरला मेट्रो धरली आणि सीताबर्डीला उतरलो. खाली उतरताच जी गर्दी लागते ती तुम्हाला माहीत आहे. कपड्यांची दुकानं, फेरीवाले, मोबाइलची कव्हरं, चणे-फुटाणे, ऑटोवाल्यांची ओरड. तिथून पश्चिमेकडे चालत गेलं की काही मिनिटांत आवाज खाली येतो. झाडं सुरू होतात. एका बाजूला पिंजरे, दुसरीकडे कृषी महाविद्यालयाची शेतं आणि इमारती. सकाळी सहा-सातला गेलात तर वाघापेक्षा आपल्या वयाची माणसंच जास्त दिसतील. गुडघ्याला पट्टा, डोक्याला कानटोपी, हातात काठी. वाघ झोपलेला असतो.

आता मागे वळून बघा. पूर्वेला सीताबर्डीची टेकडी आणि किल्ला. उत्तरेला सिव्हिल लाइन्स, म्हणजे साहेबांची वस्ती. टेकडीच्या पलीकडे, पूर्वेला, जुनं शहर: महाल, इतवारी, शुक्रवारी. म्हणजे ही बाग शहर आणि साहेब यांच्या मधल्या पट्ट्यात आहे. हा नकाशा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

नागपूर वसवलं देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंद शहाने, १७०२ च्या सुमारास. त्याच्यानंतरच्या चांद सुलतानाने शहराभोवती तट घातला आणि जुम्मा तलाव बांधला. तोच आपला शुक्रवारी तलाव, हल्लीचा गांधीसागर. हे मुद्दाम सांगतो, कारण नागपूरचा इतिहास आपण भोसल्यांपासून मोजतो आणि गोंड राजांना दोन ओळींत उरकतो. या शहराला पहिलं पाणी त्यांनी दिलं. बाग ही पाण्याच्या मागून येते.

अठराव्या शतकाच्या मध्यावर पहिल्या रघूजी भोसल्यांनी इथे बस्तान बसवलं. भोसल्यांना बागांचा शौक होता. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी गॅझेटियरात नागपूरच्या मुख्य बागांची यादी आहे: सीताबर्डीला महाराजबाग, शहराच्या आत तुळशीबाग, आणि बाहेर पारडी, सक्करदरा, सोनेगाव, तेलंगखेडी. ही नावं ऐकून काय वाटतं? मला तर सिटी बसच्या पाट्या आठवतात! सक्करदऱ्याला आपण भाजी घ्यायला जातो. सोनेगाव तर आपल्या शेजारीच, विमानतळाकडे. शहराभोवती बागांचं एक कडं होतं, आणि आज त्या कड्यातल्या बहुतेक जागांची फक्त नावं उरली आहेत.

राजाची बाग म्हटलं की आपल्याला कारंजं आणि गुलाब दिसतात, सिनेमामुळे. पण त्या काळी बाग ही कामाची जागा होती. मराठीत बागायत शब्द आहे ना? जिरायताच्या उलट. बाग म्हणजे पाणी दिलेली जमीन, मोट, पाट, माळी, आळी. दुसऱ्या रघूजींनी औरंगाबादकडून संत्र्याची झाडं आणून आपल्या बागेत लावली, असं परंपरेने सांगितलं जातं. नागपुरी संत्र्याची गोष्ट तिथून सुरू होते आणि २०१४ च्या भौगोलिक निर्देशांकापर्यंत येते. काटोल-नरखेडचा शेतकरी आज ज्या फळावर कर्ज काढतो ते कधी काळी राजवाड्याच्या परसातलं फळ होतं. राजाची हौस लोकांचं पीक झाली. 'ही बाग कोणाची' या प्रश्नाचा हाही एक धागा आहे. बागेतल्या गोष्टी कुंपण ओलांडतातच.

आता १८१७. आप्पासाहेब भोसल्यांनी आदल्या वर्षी इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला होता आणि आता त्यांना तो गळ्यातला फास वाटत होता. इंग्रजांचा रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स सीताबर्डीच्या टेकडीच्या पश्चिमेला राहत होता. म्हणजे बागेच्याच अंगाला. २६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी तोफा सुरू झाल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालल्या. इंग्रजांकडे जेमतेम दीड हजार शिपाई, समोर त्यांच्या कितीतरी पट फौज. तरी टेकडी इंग्रजांच्या हाती राहिली. लढाईची हकिगत मी इथे सांगत बसत नाही, ती तुम्ही ऐकलेली आहे. मला एवढंच दाखवायचं आहे, की त्या दिवसापासून टेकडीवरचा झेंडा बदलला आणि टेकडीवरून खाली बघणारा माणूस बदलला. आप्पासाहेब गेले, लहानग्या तिसऱ्या रघूजीला गादीवर बसवलं. बाग अजून महाराजांचीच, पण किल्ला कंपनीचा.

मग ११ डिसेंबर १८५३. तिसरे रघूजी वारले. पुत्र नाही, दत्तक घेतलेला नाही. लॉर्ड डलहौसीने मार्च १८५४ मध्ये राज्य खालसा केलं. पुढे जे झालं ते नागपूरकर पिढ्यान्‌पिढ्या विसरले नाहीत. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला लिलावात मातीमोलाने विकले गेले. दागिने कलकत्त्याला नेऊन विकले. दुसऱ्या रघूजींच्या पत्नी बाकाबाई तेव्हा वृद्ध होत्या. त्यांच्या डोळ्यांदेखत हे सगळं चाललं होतं.

इथे जरा थांबू या, कारण माझ्या विषयाचं मर्म इथे आहे. भोसल्यांच्या घरच्यांचं म्हणणं काय? हे आमचं खासगी आहे. आमच्या घरातलं सोनं, आमची जनावरं. डलहौसीचं म्हणणं काय? हे राज्याच्या महसुलातून आलेलं आहे, म्हणून ते राज्याचं. आणि राज्य आता आमचं. विक्रीच्या पैशातून 'भोसला फंड' केला आणि राजघराण्याला त्यातून नेमणुका दिल्या.

डलहौसीने लूट केली, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण लूट करताना त्याने जो युक्तिवाद वापरला, तो नुसता ऐकायला वाईट आहे का? राजाकडे जे आहे ते रयतेच्या पैशाचं आहे, राजाचं खासगी असं काही नसतं. हे वाक्य एखाद्या शाहिराने म्हटलं असतं तर आपण टाळ्या वाजवल्या असत्या! युक्तिवाद बरोबर आणि तो करणारा चोर, असा हा प्रसंग आहे. राजाचं ते रयतेचं, इथपर्यंत ठीक. पण रयतेचं ते कंपनीचं, ही उडी कशी मारली? मधली पायरीच गायब. आणि गंमत म्हणजे महाराजबाग आपल्यापर्यंत आली ती याच उडीतून. राज्य खालसा झालं नसतं तर ती कदाचित आजही एखाद्या वाड्याच्या भिंतीआड असती. किंवा विकून तिथे मंगल कार्यालय झालं असतं. हे मला आवडत नाही, पण खरं आहे. आपल्या बऱ्याच सार्वजनिक जागांची जन्मकथा अशीच अडचणीची असते.

१८६४ हे वर्ष बघा. त्या वर्षी महालातला भोसल्यांचा राजवाडा जळाला. काळ्या दगडाचा, लाकडी नक्षीकामाचा वाडा, त्यातला नगारखान्याचा दरवाजा तेवढा उरला. आणि त्याच वर्षी नागपूरची नगरपालिका स्थापन झाली. १८६७ मध्ये रेल्वे आली. १८७७ च्या पहिल्या दिवशी एम्प्रेस मिल सुरू झाली. दरबाराचं शहर तेरा वर्षांत गिरणीचं आणि कचेऱ्यांचं शहर झालं.

त्या काळात इंग्लंडातही बागांचा विचार बदलत होता. लंडनचं हाइड पार्क मुळात राजाचं शिकारीचं रान. पहिल्या चार्ल्सने ते १६३७ मध्ये लोकांना खुलं केलं. ती राजाची मेहरबानी. पण लिव्हरपूलच्या पलीकडे बर्कनहेडला १८४७ मध्ये लोकांच्या कराच्या पैशातून बाग उभी राहिली. कारखान्यांचा धूर खाणाऱ्या माणसाला श्वास घ्यायला जागा हवी, आणि ती देणं हे गावाचं कर्तव्य आहे, असा त्यामागचा विचार. १८६२ मध्ये मुंबईत व्हिक्टोरिया गार्डन उघडलं, आपली राणीबाग, आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. नाव बघा, राणीकडून भोसल्यांकडे! आमच्या नागपुरात उलटं. इथे भोसल्यांची बाग साहेबांकडे गेली आणि नाव मात्र महाराजांचंच राहिलं. नाव बदलण्याची तसदी कोणी घेतली नाही.

साहेबाने बागेचं काय केलं? प्रयोगशाळा केली. शेतीचे प्रयोग, बियाणं, रोपं. १९०६ मध्ये कृषी महाविद्यालय झालं. त्याच सुमाराचं, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेलं प्राणिसंग्रहालय. दोन्हींमागची दृष्टी एक आहे. निसर्ग गोळा करायचा, त्याला नाव द्यायचं, पाटी लावायची आणि रांगेत ठेवायचा. कापसाचं वाण असो की बिबट्या. तुम्ही म्हणाल सर आता पाश्चात्त्यांवर घसरणार. नाही घसरत. मध्य प्रांतातल्या शेतकऱ्याला त्या प्रयोगांचा फायदा झाला आणि वऱ्हाडातल्या शेतकऱ्यांची मुलं तिथेच शिकून मोठी झाली. १९६९ मध्ये कृषी विद्यापीठ झालं, त्याला पंजाबराव देशमुखांचं नाव मिळालं, आणि बाग त्यांच्याकडे गेली. म्हणून आज शहराच्या मधोमध असलेल्या बागेचा मालक महापालिका नाही, अडीचशे किलोमीटरवरचं विद्यापीठ आहे. हा विक्षिप्तपणा वाटतो, पण बागेला त्याने वाचवलंही असेल. शेतीच्या नावाने राखलेली जमीन दुकानांच्या गाळ्यांना देणं तितकं सोपं नसतं.

तर बाग राजाची होती ती सरकारची झाली. लोकांची झाली का?

'सार्वजनिक' हा शब्द आज आपण इतका वापरतो की तो कायमचाच असावा असं वाटतं. पण आजच्या अर्थाने तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळला. १८७० ची पुण्याची सार्वजनिक सभा, जोतीराव फुल्यांचं 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तक, १८९० च्या दशकातला सार्वजनिक गणेशोत्सव. तिघांच्या मनातलं 'सर्वजन' वेगवेगळं होतं, हेही लक्षात घ्या. सभेतले सर्वजन म्हणजे वजनदार प्रतिनिधी. फुल्यांचे सर्वजन म्हणजे खरोखरच सर्व स्त्रीपुरुष. शब्द एक, आणि त्याच्या आत कोणाला घ्यायचं यावर पुढचं शतकभर भांडण.

ते भांडण नागपुरात रस्त्यावर आलं १९२३ मध्ये. झेंडा सत्याग्रह. मघाचा नकाशा आठवा. पलीकडे शहर, इकडे सिव्हिल लाइन्स. काँग्रेसचा चरख्याचा झेंडा घेऊन लोक शहरातून सिव्हिल लाइन्सकडे निघाले आणि सरकार म्हणालं, या बाजूला मिरवणूक आणायची नाही. १ मेपासून रोज तुकड्या निघत आणि रोज अटक होई. जमनालाल बजाज तुरुंगात गेल्यावर सरदार पटेलांनी सूत्रं हाती घेतली. देशभरातून स्वयंसेवक आले, हजारांवर लोक तुरुंगात गेले. शेवटी १८ ऑगस्टला झेंडा घेतलेली तुकडी सिव्हिल लाइन्समधून अटक न होता पार झाली.

या सत्याग्रहाकडे आपण झेंड्याची गोष्ट म्हणून बघतो, आणि ते योग्यच. पण तो चालण्याचाही सत्याग्रह होता. रस्ता सरकारी आहे, पण मग त्याच्यावरून कोण चालणार हे सरकार ठरवणार का? सरकारी आणि सार्वजनिक यांतला फरक नागपूरच्या माणसाने पायाने चालून दाखवला. माझ्या विद्यार्थ्यांना मी कांटचा 'पब्लिक' या शब्दाचा विचार शिकवायचो, तेव्हा उदाहरण हेच द्यायचो. कांट त्यांना कळला की नाही देव जाणे, पण उदाहरण लक्षात राहायचं.

आणि त्याच महिन्यात अजून दोन गोष्टी झाल्या. ४ ऑगस्ट १९२३ ला आपलं नागपूर विद्यापीठ स्थापन झालं. आणि त्याच दिवशी तिकडे मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव पास झाला: सरकारी पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. तो ठराव मुंबई इलाख्यापुरता होता, आपण मध्य प्रांतात होतो. पण प्रश्न सगळीकडचाच होता. ठराव पास झाला म्हणून तळं खुलं झालं का? महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठरावही केला, तरी बाबासाहेबांना १९२७ मध्ये तिथे जाऊन पाणी प्यावं लागलं, आणि त्यानंतर लोकांनी मार खाल्ला. साहेबाने अडवलेला रस्ता साडेतीन महिन्यांत मोकळा झाला. आपणच आपल्या माणसांना अडवलेला पाणवठा मोकळा करायला कितीतरी जास्त वेळ लागला. झेंडा सत्याग्रहाचा अभिमान बाळगताना हे दुसरं पान उघडं ठेवायला हवं.

संविधानाचा पंधरावा अनुच्छेद काढून बघा, त्याचा दुसरा खंड. दुकानं, उपाहारगृहं यांच्याबरोबर तिथे विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते आणि सरकारी पैशातून राखलेल्या, लोकांच्या येण्याजाण्याच्या जागा यांचा उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणाला तिथे मज्जाव करता येणार नाही. आपल्यासारख्या नातवंडं घेऊन फिरणाऱ्यांच्या मनातही येत नाही, पण महाराजबागेच्या दारातून आपण आत जातो ते १९५० च्या या कलमाच्या आधारावर. डलहौसीच्या युक्तिवादातली गायब पायरी इथे सापडते. राजाचं ते रयतेचं, आणि रयत म्हणजे हे सगळे लोक.

मागे बसलेल्या कुणीतरी विचारलं, की आपल्याकडे आधी असं काही नव्हतंच का, सगळं साहेबाकडूनच आलं का? चांगला प्रश्न आहे. नागपुरात बसून तो विचारावा हे तर अगदीच साजेसं. राजाची बाग राजाच्या हाताबाहेर गेल्याचं आपल्याकडचं फार जुनं उदाहरण मगधातलं आहे. राजा बिंबिसाराने वेळुवन, म्हणजे बांबूची बाग, बुद्धाला आणि संघाला दिली. निवडलेली जागा गावापासून फार लांब नाही, फार जवळ नाही, येणाऱ्याजाणाऱ्याला सोयीची. दिवसा गर्दी नको, रात्री शांतता हवी. नगररचना खात्यातल्या माणसाने हे निकष पाठ करावेत! श्रावस्तीला अनाथपिंडिकाने जेत राजकुमाराची बाग घेतली, जमिनीवर नाणी अंथरून, अशी कथा आहे. संस्कृत आणि पालीत बागेला 'आराम' म्हणतात, म्हणून संघाराम. आपण मराठीत आराम करतो तो फारसीतून आलेला. दोन वेगळ्या वाटांनी येऊन एकाच बाकावर बसलेले शब्द. तिकडे अथेन्समध्ये एपिक्युरसची शाळा बागेतच भरायची आणि तिथे स्त्रिया आणि गुलामही येत. म्हणजे बाग आणि बरोबरी यांचं नातं जुनं आहे. मात्र वेळुवन संघाला दिलेलं दान होतं, आणि दान देणाऱ्याच्या मर्जीवर असतं. हक्काचं तसं नसतं.

नागपुरातच दानाचं उदाहरण बघायचं तर कस्तुरचंद पार्क. सर कस्तुरचंद डागा या बँकरच्या नावाचं मैदान, मधोमध छत्री. नाव पार्क, पण ना फुलं, ना सावली! तिथे सभा झाल्या, प्रदर्शनं झाली, सर्कशी उतरल्या. २०१८ मध्ये खोदकाम चालू असताना तिथे जुन्या तोफा सापडल्या, तेव्हा शहराला एकदम आठवलं की या मातीखाली काही आहे. मैदान आणि बाग यांत फरक आहे. मैदानात माणूस गर्दी म्हणून जातो, बागेत एकटा किंवा दुकटा. शहराला दोन्ही लागतात. नागपुरात मैदानांची चर्चा होते कारण तिथे पुढारी बोलतात. बागेत कोणी भाषण करत नाही, त्यामुळे तिच्यासाठी बोलायलाही कोणी नसतं.

आजच्या महाराजबागेसमोरचा प्रश्न काय आहे? प्राणिसंग्रहालयांचे नियम बदलले. प्राण्याला किती जागा हवी, पिंजरा कसा हवा, याचे निकष आता केंद्रीय प्राधिकरण ठरवतं. २०१८ मध्ये महाराजबागेच्या मान्यतेचा प्रश्न उभा राहिला आणि बाग बंद होणार अशी बोलवा झाली. २६ जानेवारी २०२१ ला गोरेवाड्याचं आंतरराष्ट्रीय प्राणिउद्यान उघडलं. तेव्हा काही लोक म्हणायला लागले, आता इथे वाघ कशाला?

माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. वाघ गोरेवाड्याला जास्त सुखात राहील, याबद्दल मला वाद घालायचा नाही. शहराच्या मध्यावर, हॉर्नच्या आवाजात, सिमेंटवर येरझाऱ्या घालणारा बिबट्या बघून मला आनंद होत नाही. पण 'वाघ हलवा' आणि 'बाग हलवा' ही दोन वाक्यं एका दमात बोलली जातात, तिथे कान टवकारावेत. वाघ नसला तर बागेचं महत्त्व कमी झालं, महत्त्व कमी झालं तर जागा मोकळी, आणि बर्डीला लागून असलेली मोकळी जागा म्हणजे काय हे तुम्हाला माझ्याहून जास्त कळतं. गोरेवाड्याला जायला गाडी लागते, दिवस लागतो, खिशात पैसे लागतात. महाराजबागेला मजुरी संपवून गावी जाणारी बाई दोन लेकरं घेऊन तासभर थांबू शकते, कारण ती बसस्टँड आणि बाजार यांच्यामध्ये पडते. वेळुवनाचा निकष हाच: येणाऱ्याजाणाऱ्याला सोयीची.

शेवटचा मुद्दा बेस्याचा. इथे राहून महाराजबागेचा इतिहास सांगणं सोपं आहे, कारण इथे स्वतःची अशी बाग नाही. बेसा हे तीस वर्षांपूर्वीपर्यंत शेतांचं गाव होतं. आता लेआउट, फ्लॅट, शाळा, मंगल कार्यालयं, आणि बेसा-पिपळा नगर पंचायत. तुम्ही म्हणाल गावाला कुठे बाग असते? पण गावाला सामायिक जागा होती. आपल्या जुन्या मध्य प्रांतात त्यासाठी खास शब्द आहे: निस्तार. मालगुजारी असली तरी गावकऱ्यांना सरण, गवत, माती, चराई, वहिवाटीची वाट, तलावाचं पाणी यांवर निस्ताराचे हक्क होते, आणि ते लिहून ठेवलेले असत. निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज ही ती कागदपत्रं. महसूल कायद्यातही त्यांना जागा आहे. सगळ्यांना सारखं मिळत होतं असं मी म्हणत नाही, गावाची उतरंड तिथेही होतीच. पण 'हे कोणा एकाचं नाही' ही कल्पना बर्कनहेडहून इथे यायची वाट बघत बसली नव्हती.

गाव शहरात गेलं की निस्तार संपतो आणि त्याच्या जागी येते लेआउटमधली ओपन स्पेस. अभिन्यास मंजूर करताना साधारण दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. कागदावर ती असते. जमिनीवर कुठे मंदिर असतं, कुठे बिल्डरचं ऑफिस, कुठे गाड्यांचं पार्किंग, कुठे नुसती गाजर गवताची रानटी वाढ आणि डुकरं. पुढल्या शुक्रवारी सकाळी अकरा वाजता आपण काही जण आपापल्या लेआउटचा मंजूर नकाशा बघायला आणि बेस्याचं निस्तारपत्रक तलाठ्याकडे मिळतं का हे विचारायला जाणार आहोत. ज्यांना यायचं आहे त्यांनी सातबारा नाही, प्लॉटची विक्रीची कागदपत्रं बरोबर आणावीत. लेआउटचा मंजुरी क्रमांक बहुधा त्यातच असतो, आणि तो नसला की खिडकीवरचा माणूस आधी तोच विचारतो.